आइसलँडच्या उत्तरेत एकट्याने तंबू ठोकणे: नवशिक्यांसाठी प्रयोगवही

उद्देश

शाळेच्या प्रयोगवहीत उद्देश एका वाक्यात लिहायचा असतो, तसाच इथेही लिहावा: 'एकट्याने गाडी चालवत, रात्री तंबूत झोपत, आइसलँडच्या उत्तरेकडचा ज्वालामुखींचा मुलूख पाहणे.' घरी वाचून दाखवताना 'एकट्याने' हा शब्द खोकल्यात घालवावा. आपल्याकडे माणूस एकटा निघाला की त्याचे दोनच अर्थ काढतात: भांडण झालंय, नाहीतर कुणी बरोबर यायला तयार नाही. आई विचारणारच, 'तिथे आपलं कुणी आहे का?' खरं उत्तर असं की तो देश महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे, लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, त्यातले निम्म्याहून जास्त लोक राजधानी रेक्याविक आणि आजूबाजूला राहतात, आणि उरलेल्या मुलखात मेंढ्या आहेत. हे उत्तर देऊ नये.

एक गोष्ट मात्र स्वतःशी कबूल करून ठेवावी. या प्रवासात तुम्ही एकटे नसता, वारा बरोबर असतो. कुठे थांबायचं, कधी निघायचं, जेवण शिजणार की नाही, हे सगळं तो ठरवतो. पेट्रोलचे पैसे तेवढे तुम्ही भरायचे.

साहित्य

गाडी. भाड्याच्या गाडीचे कागद करताना काउंटरवर विम्याची यादी पुढे येईल. काचेचा विमा, खडी उडून रंग गेला तर त्याचा विमा, वाळू आणि राखेचा विमा. आपण आयुष्यात आग, चोरी, पूर इथवर आलेले असतो. राखेच्या विम्यावर सही करताना प्रवास सुरू झाल्यासारखा वाटतो. यादीत काय नाही ते शेवटी बारीक अक्षरात असतं. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरीतून निखळलं, किंवा नदीत गाडी घातली आणि पाणी इंजिनात शिरलं, तर बहुतेक विमे हात वर करतात. म्हणून पहिला धडा गाडी चालवण्याचा नाही, दार उघडण्याचा आहे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबायचं, एका हाताने दार घट्ट धरायचं, बोटभर फट करायची आणि मगच उतरायचं. हा सराव घरच्या पार्किंगमध्ये केलात तर शेजारी काळजीने पाहतील, पाहू द्या.

वाऱ्याचा आकडा. तिथल्या हवामान खात्याच्या अंदाजात आणि रस्त्याकडेच्या फलकांवर वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा देतात. नवशिका '20' वाचतो आणि म्हणतो, झुळूक आहे. 20 मीटर म्हणजे ताशी 72 किलोमीटर. 15 च्या वर आकडा गेला की तंबूवर विश्वास टाकू नये, आणि त्याच्याही वर गेला की स्वतःच्या टोपीवर.

तंबू. बुटका घ्या. ज्यात उभं राहता येतं तो तंबू लग्नाच्या मांडवासारखा दिसायला छान आणि रात्री अकरा वाजता शेजारच्या खोऱ्यात. सोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या तिथे कुचकामी: लाव्ह्याच्या दगडात शिरत नाहीत, राखेच्या वाळूत टिकत नाहीत. जाड, लांब खुंट्या वेगळ्या घ्याव्यात आणि दगडांशी मैत्री करावी.

डोळ्यांवरची पट्टी. जूनमध्ये उत्तरेकडे अंधार पडतच नाही. 'अंधार व्हायच्या आत तंबू लावू' हे आपलं ठरलेलं वाक्य तिथे निरर्थक होतं. रात्री साडेबारालाही 'अजून उजेड आहे, अजून एक धबधबा होईल' असं वाटत राहतं, आणि तिसऱ्या दिवशी माणूस स्टिअरिंगवर पेंगायला लागतो.

खाणं. हॉटेलात जेवायचा बेत असेल तर आधी एखादी जमीन विकावी. नाहीतर गुलाबी डुकराचं चित्र असलेल्या बोनस नावाच्या दुकानात शिरायचं आणि स्कीर घ्यायचं. दिसायला चक्क्याच्या घरातलं, आणि भाताबरोबर चालतं. सुकवलेले मासे लोणी लावून खातात. कोकणातल्या माणसाला सुक्या मासळीचं नवल नाही, लोण्याचं वाटेल. घरून बेसन, भाजणी आणि मेतकूट न्यावं. गॅसचा डबा विमानात नेऊ देत नाहीत, तो तिथेच घ्यावा.

कृती

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवा. दिवसाही दिवे लावा, तो कायदा आहे. डांबरी रस्त्यावर ताशी 90, खडीवर 80. देशाला वळसा घालणारा पहिल्या क्रमांकाचा रस्ता सुमारे 1,300 किलोमीटरचा आहे. रेक्याविकहून उत्तरेचं शहर अकुरेरी त्याच रस्त्याने साधारण 390 किलोमीटर. वाटेत एकेरी पूल लागतात. त्यावर जो आधी पोचला तो आधी जातो, आणि दुसरा खरोखर थांबतो. आपल्याला हे खरं वाटत नाही म्हणून आपणही थांबतो, मग दोघेही एकमेकांना हात करत बसतात. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर वेग कमी करा. ते भेटणारच, आणि तुमच्या बंपरसमोरच भेटणार.

पत्ता टाइप करताना प्रत्येक अक्षर तपासा. 2016 मध्ये एक अमेरिकन पाहुणा रेक्याविकच्या लोयगावेगुर या रस्त्यावरच्या हॉटेलात निघाला होता. पत्त्यात एक 'र' जास्तीचा पडला होता, आणि गाडीतल्या यंत्राने त्याला काही तासांवरच्या, अगदी उत्तर टोकाच्या सिग्लुफ्योर्दुर गावी नेऊन सोडलं. गावकऱ्यांनी त्याचं कौतुक केलं, वर्तमानपत्रांनी छापलं. तुमचं कौतुक होईलच असं नाही.

आता तंबू. पूर्वी मनाला येईल तिथे गाडी लावून झोपत, तसं आता चालत नाही. 2015 पासून गाडीत किंवा गाडीला जोडलेल्या तंबूत झोपायचं तर नेमून दिलेल्या कॅम्पसाइटवर, नाहीतर जमीनमालकाच्या परवानगीने. कॅम्पसाइटवर जागा सहसा आधी धरून ठेवावी लागत नाही. तुम्ही जाऊन ठोकायचं. संध्याकाळी कुणीतरी पैसे घ्यायला येतं.

ठोकण्याचं तंत्र असं. गाडी वाऱ्याला आडवी लावा आणि तिच्या आडोशाला बसा. तंबू पिशवीतून काढण्याआधी पहिली खुंटी हातात हवी. आधी कापड काढलं की पुढचा अर्धा तास धावण्याचा. कापड गुडघ्यांखाली दाबत दाबत उलगडा. वाऱ्याकडची बाजू आधी ठोका, खुंटी तिरकी, टोक तंबूकडे. मग दांड्या. दांडी वाकवताना तंबू एकदम फुगेल आणि तुम्हाला वाटेल की आपण काहीतरी उभं केलं. ते तुम्ही केलेलं नाही. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला आलं आहे का पाहा. आलं नसेल तर सगळं पुन्हा. शेवटी प्रत्येक दोरावर डोक्याएवढा दगड. दगड आजूबाजूला वर्तुळात मांडलेलेच सापडतील, आदल्या रात्रीच्या कुणाचे तरी.

पिठलं करायचं तर स्टोव्ह तंबूच्या आत पेटवू नये, कितीही मोह झाला तरी. बाहेर ज्योत आडवी होते, पातेल्याची एकच बाजू तापते. त्या बाजूला बेसन लागतं, दुसऱ्या बाजूला गुठळ्या कोरड्या राहतात. पातेलं फिरवत राहायचं. फोडणीचा वास पसरला की शेजारच्या तंबूतून एक जर्मन डोकं बाहेर येतं. त्याला चमचाभर द्यावं.

सकाळी गावातल्या पोहण्याच्या तलावावर जा. जवळपास प्रत्येक गावात जमिनीतल्या गरम पाण्याचा उघडा तलाव असतो. इथे नवशिक्याची खरी परीक्षा आहे, आणि तिचा ज्वालामुखीशी संबंध नाही. पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून, साबण लावून, सर्वांसमोर अंघोळ करावी लागते. कुठे कुठे साबण लावायचा त्याचं चित्र भिंतीवर असतं, अवयव लाल रंगवून. पंचा गुंडाळून अंघोळ करण्याचं आपलं पिढीजात कसब तिथे कामाचं नाही, कारण पाहणारा कर्मचारी परत पाठवतो. एकदा ते झालं की गरम कुंडात मानेपर्यंत बसावं. गावातली म्हातारी माणसं तिथेच असतात आणि पुढच्या दोन दिवसांचं हवामान फोनपेक्षा बरं सांगतात.

निरीक्षण

उत्तरेचं मुख्य ठिकाण मिवात्न तळं. तिथल्या चिलटांचे ढग प्रसिद्ध आहेत. बहुतेक चावत नाहीत, फक्त नाकातोंडात राहायला येतात. डोक्यावर घालायची जाळी विकत मिळते. ती घातल्यावर आरशात पाहू नये. वारा सुटला की चिलटं जातात. या एका बाबतीत तो तुमच्या बाजूने असतो.

जवळच ह्वेरिर. राखाडी चिखलाची कुंडं रटरटत असतात आणि गंधकाचा वास गाडीच्या सीटमध्ये जाऊन बसतो. दोर ओलांडू नका. वरची माती घट्ट दिसते पण पापुद्र्याएवढी असते, खाली उकळतं पाणी. याच मुलखात जमिनीच्या त्या उष्णतेवर राय या धान्याचा गोडसर, काळा पाव भाजतात. पीठ डब्यात घालून पुरायचं आणि दिवसभराने उकरून काढायचं. तोच पाव घेऊन क्राफ्ला या ज्वालामुखीकडे जा. 1975 ते 1984 या काळात तिथे नऊ उद्रेक झाले, आणि ते सुरू झाले तेव्हा भूगर्भातल्या वाफेवरचा वीजप्रकल्प तिथे बांधला जात होता. लोकांनी प्रकल्प पुरा केला. त्या लाव्ह्यातून अजून कुठे कुठे वाफ येते. त्याआधीच्या उद्रेकात, 1729 मध्ये, रेक्याह्लिदचं शेतघर लाव्ह्याखाली गेलं, पण प्रवाह चर्चपाशी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून गेला. चर्च थोड्या उंचावर होतं असं भूगोल सांगतो. गावातली श्रद्धा भूगोलाला विचारून ठरलेली नाही.

देत्तिफॉस धबधबा 44 मीटर उंच, 100 मीटर रुंद, आणि पाणी सिमेंटच्या रंगाचं, कारण ते वात्नायोकुल हिमनदाचा दगड दळून आणतं. उभे राहा, भिजा, निघा. फोटोत तो निम्मा दिसतो.

खरा मुलूख आस्क्या ज्वालामुखीचा. त्यासाठी आधी एक बारकावा: विती नावाची विवरं दोन आहेत. एक क्राफ्लाला, तिथे डांबरी रस्त्याने जाता येतं. दुसरं आस्क्यात, तिथला रस्ता 'एफ' अक्षराचा आहे, त्यावर चारही चाकं ओढणारी गाडीच चालते, तो उन्हाळ्यातले थोडे महिनेच उघडा असतो आणि त्याला नद्या आडव्या येतात, त्यावर पूल नाहीत. नवशिक्याने यंत्रात नुसतं 'विती' टाइप करू नये.

नदी ओलांडायची तर सकाळी. दुपारी ऊन लागून बर्फ वितळतं आणि तीच नदी गुडघ्यावरून कमरेला येते. काठावर थांबून दुसरी गाडी जाऊ द्या. तिची चाकं किती बुडतात ते पाहा. खालचा गिअर, मध्ये बदलायचा नाही, किंचित प्रवाहाच्या दिशेने तिरकं. दुसरी गाडी आलीच नाही तर डबा उघडून जेवा. तासाभराने येते. न आल्यास परत फिरा. एकट्याने जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा, की परत फिरलात तर मागच्या सीटवरून 'मी म्हटलं होतं' असं कुणी म्हणत नाही.

वाटेत हेर्दुब्रेद नावाचा सपाट माथ्याचा पर्वत लागतो. त्याच्या पायथ्याच्या झऱ्यांपाशी एविंदुर नावाच्या फरारी माणसाने 1774-75 चा हिवाळा काढला असं सांगतात, कच्चं घोड्याचं मांस आणि मुळं खाऊन. तंबूत राहून तक्रार करण्यापूर्वी हे आठवावं. पुढे राखेचं वाळवंट. चंद्रावर जाणाऱ्यांना दगड ओळखायला शिकवण्यासाठी नासाने 1965 आणि 1967 मध्ये अंतराळवीरांना इथे आणलं. 1967 च्या तुकडीत नील आर्मस्ट्राँग होते. तेही एकटे आले नव्हते, हे घरी सांगू नये. 1875 मध्ये आस्क्या फुटला तेव्हा राख स्कँडिनेव्हियापर्यंत उडाली आणि पूर्वेकडची कितीतरी कुटुंबं अमेरिकेला निघून गेली. जमीन खचून जे तळं झालं ते सुमारे 220 मीटर खोल आहे. 1907 मध्ये दोन जर्मन त्यावर होडी घेऊन गेले, ते सापडलेच नाहीत.

आस्क्याच्या दक्षिणेला होलुह्राउन. ऑगस्ट 2014 ते फेब्रुवारी 2015 या सहा महिन्यांत जमिनीला भेग पडून वाहिलेला लाव्हा. शिखर नाही, भेग आणि तिच्यातून पसरलेला काळा दगड. मराठी माणसाने इथे थोडा वेळ काढावा. आपला सह्याद्री याच जातीच्या दगडाचा, अशाच भेगांमधून थरांवर थर वाहून, साडेसहा कोटी वर्षांमागे झालेला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब आपण पाहिलेले असतात, किल्ल्यांच्या पायऱ्या चढलेल्या असतात, पण तो दगड आपल्याला म्हाताराच भेटलेला. इथे तो शाळेत जायच्या वयाचा आहे. हात लावला तर कडा अजून बोट कापतात.

दक्षता

रस्ता सोडून गाडी घालू नका. दंड जबर आहे, आणि चाकोरी शेवाळावर कित्येक वर्षं राहते. निघण्यापूर्वी आपला मार्ग सेफट्रॅव्हलच्या साइटवर नोंदवा. अडकलात तर 112. सोडवायला येणारे पगारी नसतात. गावोगावचे सुतार, मास्तर, नर्सा, रजा टाकून आलेले. त्यांच्या गाड्यांचा आणि दोरांचा बराचसा खर्च वर्षअखेरीला विकलेल्या फटाक्यांतून निघतो. 31 डिसेंबरला तिथे असाल तर दोन बाण जास्तीचे घ्यावेत.

उरलेल्या साहित्याची विल्हेवाट

परतीच्या विमानापूर्वी कॅम्पसाइटच्या स्वयंपाकघरात एक फळी शोधा. जाणारे लोक अर्धे संपलेले गॅसचे डबे, मीठ, पास्ता, तेल त्यावर ठेवून जातात आणि येणारे उचलतात. तुमचा डबा तिथे ठेवा. भाजणी उरली असेल तर पुडीवर मोठ्या अक्षरात लिहा की हे खायचं पीठ आहे, पाण्यात भिजवून तव्यावर थापायचं. नुसतं ठेवलंत तर कुणीतरी ते स्कीरमध्ये कालवून खाईल, आणि पुढच्या माणसाला सांगेल की भारतात असंच खातात.