डोंगर, पाणी आणि एक इसम

जलरंगात डोंगर काढणे सोपे, कारण तो कितीही बिघडला तरी डोंगरच राहतो. त्यावरच्या एकट्या माणसाला ही सवलत नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे शिक्षण लवकर सुरू होते: दोन त्रिकोण, मधोमध अर्धा सूर्य, वर मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. वास्तविक सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. त्यामुळे त्याचे माथे बरेचदा सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे असतात. पाचगणीचे पठार त्रिकोणात कोंबता येत नाही. तरी हात वळतो तो त्रिकोणाकडेच.

कागद 300 जीएसएमचा घेतात. पातळ कागद भिजला की त्याच्यावर स्वतःच्याच डोंगरदऱ्या उठतात. सुरुवात आकाशापासून, मग सर्वांत लांबची रांग. मधली हवा निळा प्रकाश विखुरते, म्हणून ती रांग फिकट निळी ठेवतात. दुरून डोंगर साजरे यामागचे भौतिकशास्त्र एवढेच. जवळ येताना रंग गडद होतो. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना मिसळले की कातळाचा करडा मिळतो. प्रत्येक रांग वाळल्यावरच पुढची. सह्याद्री सुंदर दिसतो पावसाळ्यात, आणि कागद वाळत नाही तोही पावसाळ्यातच. अर्धवट ओल्या रंगात पाण्याने भरलेला ब्रश टेकला, की पाणी रंगाला कडेला ढकलते आणि डोंगरावर फ्लॉवरचा गड्डा उगवतो. अनुभवी चित्रकार त्याला झाड म्हणतात.

माणूस सगळ्यांत शेवटी. डोंगर केवढा, हे सांगणे हेच त्याचे काम; तो अर्ध्या इंचाचा झाला की डोंगर आपोआप वाढतो. उभा माणूस साधारण साडेसात डोक्यांइतका उंच असतो. नवशिके डोके मोठे काढतात, आणि घाटातला शेतकरी बालवाडीतून हरवलेला दिसू लागतो. म्हणून डोके म्हणजे टिंब, धड म्हणजे एक फटकारा, पाय खाली निमुळते. पावले काढत नाहीत; काढली तर माणूस उभा न दिसता टांगलेला दिसतो.

हिरव्यावर लाल उठून दिसतो, म्हणून मुंडासे लाल. पांढरी टोपी अवघड. पारदर्शक जलरंगात पांढरे म्हणजे कोरा सोडलेला कागद, तेव्हा टोपीची जागा डोंगराआधीच राखावी लागते. एवढी दूरदृष्टी सहसा नसते.

कारण हा इसम बहुधा ठरवून येतच नाही. जवळच्या उतारावर गडद थेंब पडतो, टिपून निघत नाही, मग त्याला डोके लावतात. दुसरा पडला तर शेळी होते. तिसरा पडला, की चित्राला ‘एकाकी’ हे नाव देता येत नाही.