दोन पास होतील का?

नगरचा माणूस नाटकवेडा, यात वाद नाही. इथल्याच सदाशिव अमरापूरकरांनी १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी होऊन अख्ख्या देशाला घाम फोडला, हे आम्ही पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगतो. फक्त तिकीट काढायची वेळ आली की हात खिशाऐवजी मोबाइलकडे जातो : ‘भाऊ, दोन पास होतील का?’

हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी माउली सभागृहात रंगते. तिकीट वडापावाच्या मोलाचं. तरी पहिल्या रांगेत परीक्षक आणि मान्यवर, दुसरीत कलाकारांच्या मावश्या-आत्या, तिसरीत उद्या प्रयोग असलेला संघ, आजच्या संघाच्या चुका मोजत. बाकीच्या खुर्च्या मात्र आदर्श रसिक : मोबाइल वाजवत नाहीत, वेफर्सची पिशवी फोडत नाहीत, मध्यंतरात पळत नाहीत.

महापालिकेच्या सावेडीतल्या नाट्यगृहाचं काम वर्षानुवर्षं रखडलं, यावर मात्र आमच्यातला कोणीही टपरीवर उभ्याउभ्या तीन अंक बोलू शकतो. तिथे गर्दीही होते. चहाचे पैसे दुसरा देतो ना!