पावणं, संपलं की!

कोल्हापुरात जेवायची जागा शोधावी लागत नाही, तीच आपल्याला शोधत येते. बसस्टँडवर उतरलं की समोर ‘अस्सल’, त्याच्या शेजारी ‘घरगुती’ आणि पलीकडे ‘अस्सल घरगुती’. अस्सलपणा पाटीवर लिहून सांगावा लागतो तिथं माझी पावलं जरा अडखळतात; ही पुणेरी खोड असेल कदाचित. तरीही बरोबरचे काका मोबाइलवर चांदण्या मोजतातच. चार पूर्णांक दोन की चार पूर्णांक तीन, यावर कुटुंबात दोन तट पडतात आणि पोरं तोवर वेफर्स फोडतात.

माझं म्हणणं असं, की या गावात पत्त्यापेक्षा वेळ महत्त्वाची. आता मिसळच घ्या. ती सकाळची. मटकी, वर शेव-चिवडा, कांदा, मग कट आणि सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस. नावाजलेल्या ठिकाणी दुपार कलायच्या आत पातेलं खरवडून झालेलं असतं. आपण पोहोचतो ते रांगेतलं दर्शन, चपलांची घासाघीस आणि भवानी मंडपातले फोटो उरकून. मालक गल्ल्यावरून मान वर करतो, “पावणं, संपलं की!” आवाजात खेद औषधालाही नसतो. माल संपला म्हणजे त्याचा दिवस चांगला गेला. आपला गेला की नाही, हा आपला प्रश्न.

मटणाला तर वेळेबरोबर वारही लागतो. सोमवार-शनिवार पाळणारे पुष्कळ, त्यामुळे खरा बेत बुधवार-रविवारचा, तोही भर दुपारी. ताटात सुकं, भाकरी, कांदा-लिंबू आणि दोन वाट्या. तांबडा रस्सा निदान रंगावरून तरी सावध करतो. पांढरा मात्र साळसूद: मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, सगळं कसं सौम्य. पहिला घोट गोड लागतो, दुसऱ्याला घशात मिरी पेटते आणि नेमका तेव्हाच वाढपी विचारतो, “रस्सा?” आपण नुसतं नाक पुसलं तरी तो होकार समजून वाटी भरतो. हे सगळं पन्हाळा-जोतिबा करून चारला खाली उतरणाऱ्याच्या नशिबी नसतं. त्या वेळी उघडी असतात ती पनीर आणि ‘व्हेज कोल्हापुरी’ देणारी हॉटेलं. व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी कुठल्या कोल्हापुरी घरात शिजते, हे मला कुणी दाखवून द्यावं.

संध्याकाळ रंकाळ्यावरच्या भेळेची. त्यानंतर गंगावेशीत दूधकट्टा. म्हैस तिथंच उभी, धार तिथंच काढायची आणि फेसासकट ग्लास हातात. तालमीतल्या पैलवानांच्या गावाला शोभेल असाच हा प्रकार. पॅकेटच्या दुधावर वाढलेली शहरी पोरं आधी म्हशीकडे बघतात, मग ग्लासाकडे आणि मग आईकडे.

तेव्हा कोल्हापूरला निघालात तर रिक्षावाल्याला “चांगलं कुठं मिळतं?” असं विचारू नका, तो त्याच्या मेहुण्याकडे नेईल. “किती वाजेपर्यंत मिळतं?” असं विचारा. आणि सकाळी आधी मिसळ गाठा. अंबाबाईचं देऊळ रात्रीपर्यंत उघडं असतं.