रेषेच्या आतलं प्रेम

मराठी मालिकेत काय चालत नाही? मेलेली सून नव्या चेहऱ्यानं परत येते, एका नवऱ्याचे दोन संसार वर्षभर रेटले जातात, सासू दुधात विष कालवते. हे सगळं कौटुंबिक. पुरुषाला साडी नेसवून लचकायला लावलं की विनोद. त्यानं दुसऱ्या पुरुषाचा हात धरला की मात्र संस्कृती धोक्यात.

विजय तेंडुलकरांचं समलिंगी प्रेमावरचं नाटक ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ला काढून घेतली. ऑगस्ट क्रांती मैदानातून, म्हणजे गिरगावच्या उंबऱ्यावरून, इंद्रधनुषी झेंडे घेऊन मोर्चे निघाले. वाहिन्यांची माणसं तेव्हा बहुधा परळच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली असावीत.

लालबागच्या आमच्या काकू हल्ली मालिका बघता बघता मंडला, म्हणजे छापील गोल नक्षी, रंगवतात. स्केचपेनचं टोपण दातात, नजर अर्धी टीव्हीवर. विष कालवलं जात असताना हात स्थिर. रंग रेषेबाहेर गेला की, ‘अगंबाई!’ २००५ साली अमेरिकेत यावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मंडला रंगवून विद्यार्थ्यांची चिंता उतरली, चौकटी-चौकटींची नक्षी रंगवूनही तेवढीच उतरली. कोऱ्या कागदानं मात्र तेवढा आराम दिला नाही. आखून दिलेल्या रेषांच्या आतच माणूस निवांत होतो, हे वाहिन्यांच्या कार्यक्रम-प्रमुखांनी न वाचताच ओळखलं होतं.

तरी एक विनंती. साडेसातच्या भागात एखादा साधा, लोकलनं कामावर जाणारा, येताना कोथिंबीर आणणारा गे दीर घालून बघा. टीआरपी पडलाच, तर सासू आणि दूध आहेच.