डबा, धोंडा आणि श्वास

पाण्यात उतरलेल्या माणसाला एकाच वेळी दोन हुकूम सुटतात. पृथ्वी म्हणते खाली ये, पाणी म्हणते वर जा. पाण्याचा जोर किती, हे माणसाने किती पाणी बाजूला सारले यावर ठरते. गोड्या पाण्यात लिटरमागे १ किलो. हल्लीचा पाणबुडा हे भांडण हवा भरायच्या जाकिटाने मिटवतो. कळ दाबली की हवा आत, दुसरी दाबली की बाहेर. परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे जाकीटही नाही. तिथे हे भांडण पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या काठावर, एखाद्या मामाच्या आरडाओरड्यात मिटत आले आहे.

पोहण्याचा वर्ग एप्रिल-मे महिन्यांत भरतो. पोरांना सुट्ट्या तेव्हाच लागतात आणि विहिरींचे पाणीही नेमके तेव्हाच तळाकडे निघते. ज्या विहिरीत अजून दोन-तीन परस पाणी आहे, तिला त्या काळात विद्यापीठाचा दर्जा असतो.

पहिले साधन म्हणजे पाठीवरचे तरंगते ओझे. पूर्वी वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधत, मग गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आला आणि आता प्लास्टिकचा कॅन. १५ किलो तेलाच्या डब्याचे आकारमान साधारण साडेसोळा लिटर भरते. पत्र्याचे वजन वजा जाता तो जवळजवळ १५ किलोच पेलतो; म्हणजे आत तेल असो वा हवा, डबा वजनाला चोख. अडचण अशी की पोराला इतक्या आधाराची गरज नसते. डोके पाण्याबाहेर ठेवायला चार-पाच किलोंची उचल पुरते. जास्तीची उचल पाठ वर काढते आणि तोंड पाण्यात दाबते, त्यामुळे पोर मागून कोरडे आणि पुढून गटांगळ्या खात राहते. म्हणून जाणता शिकवणारा डबा काढून लहान कॅन देतो, मग कॅन काढून नुसती दोरी. शेवटी दोरीचे टोकही सोडून देतो. पोराला ते विहिरीच्या मध्यावर कळते.

डबा सुटल्यावर तरंगण्याचे एकच साधन उरते, ते छातीत असते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत पाच-सहा लिटर हवा मावते. जोराने उच्छ्वास सोडला तरी लिटर-सव्वा लिटर आत राहतेच. मधली सगळी हवा म्हणजे चार-साडेचार किलोंचे वर-खाली करता येणारे वजन. पूर्ण श्वास घेतलेला माणूस बहुधा तरंगतो, सोडलेला बहुधा बुडतो. भेदरलेले पोर ओरडते, म्हणजे हवा सोडते, म्हणजे खाली जाते. “बोंबलू नको, हात मार!” या काठावरच्या सल्ल्याची पहिली दोन पदे शुद्ध भौतिकशास्त्र आहेत.

खोलीबरोबर हिशेब बदलतो. १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि धरलेला श्वास निम्म्या जागेत मावतो. सहा लिटरचे तीन झाले की तीन किलोंची उचल गेली. म्हणून बुडी मारणाऱ्याला सुरुवातीचे अंतर पाय हाणत कापावे लागते. पुढे पाच ते दहा मीटरांच्या दरम्यान कुठेतरी पाणी आपण होऊन खाली ओढू लागते. भरलेल्या खोल विहिरीच्या तळाची माती मुठीत आणून दाखवणारा वीर हा टप्पा ओलांडून आलेला असतो. मुटका मारणारा मात्र तो ओलांडत नाही. त्याचे कार्य काठावरच्यांचे कपडे भिजवण्यापुरते असते.

विहिरीत पडलेली घागर गळाला लागली नाही, तर धोंडा घेऊन उतरतात. धोंडा हातात धरायचा, अंगाला बांधायचा नाही, हा नियम आहे. हात सोडला की वजन गेले. पाणबुड्याच्या शिशाच्या पट्ट्यालाही याच कारणासाठी एका ओढीत सुटणारे बक्कल असते.

१९४३ साली कुस्तो आणि गान्याँ यांनी फ्रान्समध्ये टाकीतल्या हवेवर पाण्याखाली श्वास घेण्याचे ‘अ‍ॅक्वालंग’ बनवले, तेव्हा जाकीट नव्हतेच. सुरुवातीचे पाणबुडे शिशाचा पट्टा आणि फुप्फुसे यांवरच भागवत. विहिरीत बुडी मारणाऱ्यापेक्षा फरक एवढाच की टाकीतली हवा भोवतालच्या दाबाने मिळते, म्हणून खोलवरही छाती पूर्ण फुगते आणि अर्धा लिटर जास्त श्वास घेतला की अर्धा किलोची उचल मिळते. पण वर येताना श्वास कोंडायचा नाही. दाब उतरताच हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. विहिरीतला नियम इथे नेमका उलटा होतो.

जाकिटाविना वजन ठरवायचे ते बुडीच्या शेवटासाठी. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेल्या हवेचे वजन पावणेतीन-तीन किलो असते. ती वापरली की माणूस तेवढाच हलका होतो. जाड रबरी पोशाख वर फुगतो आणि खाली दबतो, त्यामुळे हिशेब आणखी बिघडतो. परभणीच्या उन्हाळ्यात पोशाख म्हणजे चड्डी, तेव्हा ती अडचण उद्भवत नाही. टाकी संपत आलेली असताना पाच मीटरांवर, अर्ध्या श्वासात, माणूस जागच्या जागी राहिला तर शिसे बरोबर. वर जाऊ लागला तर कमी, खाली जाऊ लागला तर जास्त.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. येलदरीच्या जलाशयात जमलेला हिशेब घेऊन समुद्रकाठच्या तारकर्लीला जाणाऱ्याने पट्ट्यात साधारण दोन किलो शिसे वाढवावे. तिथले मासे खाऊन अंगाचे वजन वाढले म्हणून शिसे कमी करू नये; चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, तिला बुडवायला उलट आणखी शिसे लागते.