अखिल पुणे साथरोग मंडळ : वार्षिक सभेचे इतिवृत्त

सभागृहाचे भाडे परवडत नसल्याने मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा यंदा एका मोठ्या गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरली. अध्यक्षस्थानी श्री. गोवर होते. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा सुरू करण्यात आली.

विषय १ : दुखवटा. कै. देवी यांना श्रद्धांजली वाहण्यात आली. गाठलेल्या दहांपैकी तिघांना त्या सोबत घेऊन जात. १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देशातली पहिली लस टोचली गेली, तेव्हा ‘एका पोरीच्या दंडावरच्या ओरखड्याने काय होतंय’ म्हणून बाईंनी दुर्लक्ष केले. ते नडले. १९७५ मध्ये भारतातला अखेरचा रुग्ण झाला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाईंचे जगातले नाव अधिकृतपणे कमी केले. श्री. पोलिओ गैरहजर होते. त्यांच्या मूळ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला.

विषय २ : ताळेबंद. अध्यक्ष म्हणाले, “मी असलेल्या खोलीत दोन तासांनी कोणी शिरला तरी मी त्याला गाठू शकतो. लस न घेतलेल्या दहांतले नऊ माझे. हजारातल्या एखाद्याच्या मेंदूला मी सूज आणतो. लशीमुळे तसं दहा लाखांत एखाद्याला झालं तर झालं. हे आकडे ग्रुपवर कोणीही टाकू नयेत. टाकायचीच तर लशीनंतर तापलेल्या एका बाळाची गोष्ट टाका. आकडा कोणी पुढे पाठवत नाही, गोष्ट मात्र रात्रीत कोथरूडहून खराडीला पोचते.”

श्री. घटसर्प यांनी शंभरातले पाच-दहा आपण अजूनही नेतो, असा अहवाल दिला. श्री. डांग्या खोकला यांची सारी भिस्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळांवर आहे. “मोठ्यांना वाटतं, साधा खोकला आहे. तेवढ्यात मी पाळण्यापर्यंत पोचलेला असतो.”

श्री. धनुर्वात यांनी हरकत नोंदवली. “सोसायटीतली बाकी मुलं घेतात ना लस, मग आपल्याला कशाला, हा हिशेब तुमच्यापुढे काही दिवस तरी चालतो. मी राहतो मातीत. शेजारच्या शंभर मुलांना लस टोचली, तरी न टोचलेलं एकशे एकावं मूल माझंच.” श्री. रेबीज यांनी, लक्षणं दिसू लागल्यावर आपल्या तावडीतून जवळपास कोणीच सुटत नाही, असे सांगितले. जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच लस घेणाऱ्यांबद्दल त्यांनी तीव्र नाराजी, तर हळद, तिखट, चुना लावून घरी बसणाऱ्यांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली.

विषय ३ : ज्येष्ठ सभासद प्लेग यांचे मनोगत. “१८९७ मध्ये मी या शहरात होतो. त्याच वर्षी जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत माझ्यावरची लस स्वतःलाच टोचून पाहिली. पण इथं प्लेग अधिकारी रँडचे गोरे शिपाई घराघरांत घुसत होते, देवघरं आणि माजघरं तुडवत होते. सरकारच्या हातातल्या सुईवर लोकांनी विश्वास ठेवला नाही, याला कारण होतं. रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. आज कोण घुसतंय तुमच्या घरात? आशाताई दाराशी येऊन विनवते, आणि आतून काका म्हणतात, ‘आमच्या वेळी कुठं होत्या एवढ्या लशी? आम्ही जगलोच ना!’ जगले ते बोलतायत. जे गेले, त्यांचं मत विचारायला मीही थांबलो नाही.” भावनेच्या भरात मंडळाचे नुकसान होईल असे बोलू नये, अशी समज अध्यक्षांनी त्यांना दिली.

विषय ४ : निषेध. १९५२ पासून आमच्यावर पाळत ठेवणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि १९६६ पासून लशी बनवून जगभर पाठवणारी हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट या दोघींचा निषेध करण्यात आला. १२ जानेवारी २०२१ रोजी करोनाच्या लशीचे ट्रक पूजा करून, नारळ फोडून याच शहरातून निघाले, या आठवणीने काही सभासद खचले. मात्र पिकते तिथे विकत नाही, असा धीर अध्यक्षांनी दिला. आपल्यासाठी सरकारी लसच नाही, तेव्हा बांधकामांवरच्या उघड्या टाक्या आहेत तोवर काळजी नाही, असे श्री. डेंगी यांनी डासामार्फत कळवले.

विषय ५ : ऐनवेळी आलेला आभाराचा ठराव. लशीला उघड विरोध करणाऱ्यांचे आभार मानावेत, अशी सूचना आली. अध्यक्षांनी ती फेटाळली. “ते थोडे आहेत आणि वाद घालतात. वादात माहिती बाहेर पडते. आपले खरे आश्रयदाते म्हणजे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारे सुशिक्षित आईबाप. नऊ महिन्यांचा डोस ते फोटो काढून घेतात. सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस वाढदिवस, गावची जत्रा आणि बाळाच्या सर्दीत राहून जातो. साध्या सर्दीत लस देता येते, हे डॉक्टरांना विचारायचंही राहतं. मला रोखायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले लागतात. मला शहर नको, पाचाच्या वर थोडी मुलं द्या. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला मी काय केलं, ते आठवा. लस इतकी चालली की लोक आपल्याला विसरले. आता त्या विसरण्यावरच आपलं पोट आहे.” या आईबापांच्या आभाराचा ठराव सर्वानुमते मंजूर.

आवाहन : मुलाचे लसीकरण कार्ड कपाटातच राहू द्यावे. त्यावरच्या तारखा वाचू नयेत. महापालिकेच्या दवाखान्यात गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस मोफत मिळतात, ही बाब सभासदांनी कृपया बाहेर फुटू देऊ नये.