वाटेचा पाटकरी

गडमुडशिंगीत असा माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतो. वय चाळीस-पन्नाशीच्या मध्ये कुठेतरी, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेथवर पाळी, घरचा एकर-दीड एकर ऊस, आणि वळवाचे चार थेंब पडले की डोक्यात एकच विषय, पन्हाळा ते पावनखिंड ही वाट. गल्ली त्याला दादा म्हणते, म्हणून आपणही दादाच म्हणू. जुलैत मोहिमा निघतात तेव्हा हजारो माणसं ही वाट चालतात. दादा त्यांच्या आधी खोरं घेऊन जाऊन आलेला असतो.

बरं, वाट काही त्याच्या दारातून जात नाही. मुडशिंगीहून अख्खं कोल्हापूर ओलांडायचं, शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा गाठायचा, आणि तिथून मसाई पठार, कुंभारवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या मागे टाकत पांढरपाण्याकडं पन्नासेक किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी पहाटे मोटारसायकलला टिकाव आडवा बांधून दादा निघतो. नाक्यावर पोलीस अडवतो.

"हत्यार घेऊन कुठं निघालाय?"

"महाराजांच्या वाटंवर चर मारायला."

पोलीस बाजूला होतो. कोल्हापुरात या उत्तराला दंड नाही.

दादाचं सारं शास्त्र पाण्याचं आहे. रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून उसात दारं धरण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे पाणी कुठं घुसणार हे त्याला ढग बघूनच कळतं. त्याचं म्हणणं असं की पाऊस वाटेवर पडला तर बिघडत नाही, तो वाटेनं चालायला लागला की बिघडतं. उतारावर पाणी माती घेऊन पळतं, घळ पडते. घळीत चिखल झाला की माणसं कडेनं चालतात, कडेचं गवत मरतं, मग तिथं दुसरी घळ. चार पावसाळ्यांत पायवाटेचा बैलगाडी रस्ता होतो. म्हणून वाटेला ठिकठिकाणी तिरका चर मारायचा, खालच्या अंगाला दगड रोवायचे आणि पाणी झुडपात सोडून द्यायचं. चर सरळ आडवा मारला तर गाळानं भरतो, फार तिरका मारला तर त्याचाच ओढा होतो. हा कोन दादा हाताच्या पंजानं ठरवतो. एखाद्या नव्या पोरानं मोबाईलवर कोन काढून दाखवला, की दादा त्याच्याकडं असं बघतो की मोबाईल आपोआप खिशात जातो आणि खोरं हातात येतं.

वहिनींचं या शास्त्राबद्दल वेगळं मत आहे. "मोरीचं पाणी म्हैनाभर सोप्यात येतंय," त्या म्हणतात. "मोरी उचलून मसाईवर न्हेऊन ठेवू काय आता?"

चालणाऱ्यांनी दमून बूड टेकलं की दादाचा इतिहास सुरू होतो. 1660 च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा, राजापूरच्या इंग्रजांनी आणलेल्या तोफा, नेबापूरचा शिवा काशीद, 12 जुलैची रात्र, दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे. तपशिलात तो हलत नाही. पण कथा खिंडीपर्यंत आली की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि नेमका तोच मोका साधून दादा ओरडतो, "महाराज रात्री निघालं ते दुसऱ्या दिवशी विशाळगडावर. तुमाला दोन दिवस दिल्यात, वर मुक्काम, वर कांदाभजी. उठा!"

त्या रात्री महाराजांची पालखी नेमकी या बांधावरून गेली की त्या ओढ्यानं, यावर दोन वाड्यांतल्या दोन म्हाताऱ्यांची दोन मतं आहेत. दादा दोघांकडं चहा पितो आणि दोन्ही वाटांना चर मारतो.

मसाई पठारावर त्याचा अवतार बदलतो. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. खाली जांभा, वर बोटभर माती, आणि पावसाळ्यात त्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात. अशा जागी कुणी हौशी पोरगा जीप गरागरा फिरवायला लागला की बाकीचे स्वयंसेवक शिट्ट्या मारतात. दादा मात्र शांतपणे जवळ जातो, काचेवर टकटक करतो आणि विचारतो, "कुठल्या गावचा रं? कुणाचा?" कोल्हापूर जिल्ह्यात दोन मिनिटांत नातं निघतं. पोरगा चुलत मेव्हण्याच्या साडूचा निघाला, की दादा मनसोक्त शिव्या द्यायला मोकळा. अनोळखी माणसाला शिवी देणं त्याच्या संस्कारात बसत नाही.

त्याच्या टोळीत सगळेच असे नसतात. एकाला बाण रंगवायचा नाद. धुक्यात माणूस चुकू नये म्हणून दगडावर पांढरा बाण हवाच, पण या गड्यानं एका वळणावर इतके बाण काढलेत की माणूस तिथं थांबून विचार करतो आणि मगच चुकतो. दुसरा फोटोपुरता येतो. त्याचं घमेलं कायम भरलेलं असतं, कारण ते कधी रिकामं केलेलं नसतं. तिसरा पुढाऱ्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स घेऊन येतो, मोहिमेला शुभेच्छा म्हणून वाटेवर टांगायला. दादा नाही म्हणत नाही, हात जोडून ठेवून घेतो. रात्री मुक्कामी पाऊस कोसळायला लागला की तोच फ्लेक्स चुलीवर ताणला जातो, दुसरा खाली अंथरला जातो आणि पंगत बसते. त्या रात्री साहेबांच्या गालावर पिठलं सांडलं तर पुसायलाही कुणी उठत नाही. मला विचाराल तर जिल्ह्यातल्या फ्लेक्सचा याहून चांगला उपयोग माझ्या बघण्यात नाही.

2025 च्या जुलैत पन्हाळ्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लागलं, जिंजीसकट बारा किल्ल्यांत. कोल्हापुरात पेढे वाटले गेले. दादानं पेढा खाल्ला, बातमी शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालत म्हणाला, "गड घेतला. वाट ऱ्हायली की."

मोहीम संपली की खरा हंगाम सुरू होतो, कचऱ्याचा. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, फाटके रेनकोट, गुटख्याच्या पुड्या, आणि बूट. या वाटेचा चिखल बुटाचा तळ जागच्या जागी ठेवून घेतो. दादाच्या पिशवीत त्यासाठी सुतळीचा तोडा असतो, जळवांसाठी तंबाखूची पुडी असते. सुतळीनं तळ बांधून किती जणांना त्यानं खिंडीपर्यंत पोचवलं असेल कुणास ठाऊक. त्यातल्या काहींनी पुढं इंस्टाग्रामवर 'माझ्या जिद्दीनं' असं लिहिलं.

गोळा केलेली पोती वाडीत टाकून यायची नाहीत, हा दादाचा नियम. ज्यांच्या भाकरी खाल्ल्या त्यांच्याच दारात घाण ठेवायची व्हय, असं तो विचारतो. मग पोती टेम्पोत बसून मुडशिंगीला येतात. भंगारवाला बाटल्या नेतो, पाकिटं परत देतो. बूट दादा धुऊन अंगणात ओळीनं मांडतो, फोटो काढतो आणि मोहिमेच्या ग्रुपवर टाकतो, "ज्याचा असेल त्यानं न्यावा." अंगठे येतात, हात जोडलेले येतात. बुटाचा मालक येत नाही. वहिनी महिनाभर वाट बघतात आणि मग जे दोन तळासकट शाबूत उरलेत ते उंबऱ्याशी काढून ठेवतात. डावा नऊ नंबरचा, उजवा आठ. दादा तेच घालून पहिल्या पाळीला जातो. लेथवर उभंच राहायचं असतं, म्हणतो, चालायचंय कुठं.